टक्केवारीच्या पलीकडे : महाविद्यालयीन सर्वसाधारण शिक्षणाची पारख

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



निकालांचा हंगाम आला की समाजात ठिकठिकाणी गुणगौरव समारंभ होतात. विद्यार्थ्याचे नाव, शाखा आणि टक्केवारी पुकारली जाते, टाळ्या पडतात, शाल-श्रीफळ दिले जाते, आई-वडिलांच्या चेहऱ्यावर समाधान दिसते. हे कौतुक उचितच आहे. मुलांच्या कष्टाची दखल समाजाने घ्यावयासच हवी. तथापि याच सभागृहातील एखादा व्यापारी, सनदी लेखापाल वा डॉक्टर जेव्हा आपल्या पेढीसाठी किंवा दवाखान्यासाठी नवा पदवीधर पाहू लागतो, तेव्हा त्याचे प्रश्न निराळे असतात. या मुलाला ग्राहकाचे तक्रारपत्र वाचून त्यातील मुद्दा कळेल काय? वर्तमानपत्रात छापून आलेल्या आकड्यावर तो डोळे मिटून विश्वास ठेवील, की तो आकडा कोठून आला असे विचारील? दोन माणसांचे पटेनासे झाले तर दोघांचे ऐकून मार्ग काढील काय? गुणपत्रिकेत या प्रश्नांची उत्तरे सापडत नाहीत. आश्चर्य असे की, पदवी शिक्षणाचा एक मोठा भाग याच गुणांसाठी म्हणून अभ्यासक्रमात घातलेला असतो. त्या भागाची पारख जगात कशी केली गेली आणि ती कशी करता येईल, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

सर्वसाधारण शिक्षण म्हणजे काय?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला लेखाकर्म आणि करविषयक कायदे शिकविले जातात, अभियंत्याला यंत्रशास्त्र. हे झाले विशेष शिक्षण. परंतु लेखापाल असो वा अभियंता, त्याला नागरिक म्हणूनही जगावयाचे असते. म्हणून विज्ञानाची रीत, समाजाची घडण, इतिहास, साहित्य, नीतिविचार यांचा काही परिचय प्रत्येक पदवीधराला असावा, ही कल्पना पुढे आली. अमेरिकेत तिला ‘जनरल एज्युकेशन’ म्हणतात. मराठीत सर्वसाधारण शिक्षण म्हणता येईल.

या कल्पनेची पार्श्वभूमी लक्षात घेण्याजोगी आहे. हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी १८६९ ते १९०९ या प्रदीर्घ कारकिर्दीत विद्यार्थ्यांना विषय निवडण्याचे फार मोठे स्वातंत्र्य दिले. त्यातून अनेक नव्या विद्यांना वाव मिळाला, मात्र सर्व पदवीधरांना समान असे काही उरले नाही. पहिले महायुद्ध संपल्यावर, १९१९ साली कोलंबिया महाविद्यालयाने समकालीन संस्कृतीचा एक अभ्यासक्रम सर्व विद्यार्थ्यांसाठी सुरू केला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ साली हार्वर्डच्या समितीने मुक्त समाजातील सर्वसाधारण शिक्षणाविषयी आपला प्रसिद्ध अहवाल दिला. लाल वेष्टनामुळे तो ‘रेडबुक’ म्हणून ओळखला जातो. स्वतंत्र भारतातही डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८-४९) सर्वसाधारण शिक्षणाचा पुरस्कार केला. विद्यापीठ शिक्षणात एकच सुधारणा सुचवावयाची झाली तर ती परीक्षापद्धतीची असावी, असा अभिप्रायही याच आयोगाने नोंदविला. शिक्षणाची ही कल्पना आणि परीक्षेची ही चिंता एकाच अहवालात शेजारी शेजारी असावी, हे अर्थपूर्ण आहे.

कारण अडचण परीक्षेतच आहे. विद्यार्थ्याला ताळेबंद जुळविता येतो की नाही, हे तासाभरात कळते. परंतु ‘चिकित्सक विचार’ आला की नाही, ‘सामाजिक भान’ आले की नाही, हे कसे ओळखावे? ते ओळखणे अवघड म्हणून परीक्षक सोपी वाट धरतो आणि व्याख्या लिहा, टीपा लिहा, पाच वैशिष्ट्ये सांगा असे विचारतो. विद्यार्थी शहाणा असतो. प्रश्नपत्रिकेत जे येते तेच तो शिकतो. अशा रीतीने अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर लिहिलेले उद्दिष्ट तेथेच राहते आणि प्रश्नपत्रिका हाच खरा अभ्यासक्रम होऊन बसतो.

शिकागोचा प्रयोग

या अडचणीला सरळ भिडण्याचा एक धाडसी प्रयत्न शिकागो विद्यापीठात झाला. रॉबर्ट मेनार्ड हचिन्स हे १९२९ साली, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी, त्या विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. १९३१ साली तेथे नवी योजना अमलात आली. जीवशास्त्र, भौतिक शास्त्रे, सामाजिक शास्त्रे आणि मानव्यविद्या असे व्यापक अभ्यासक्रम प्रारंभीच्या वर्षांत ठेवले गेले. वर्गातील उपस्थितीची सक्ती काढून टाकण्यात आली. किती तास वर्गात बसला यावर काही अवलंबून राहिले नाही. विद्यार्थ्याने स्वतःची तयारी झाली असे वाटल्यावर व्यापक परीक्षेस बसावे, अशी मुभा मिळाली.

या योजनेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्वतंत्र परीक्षा मंडळ. अंतिम परीक्षेची जबाबदारी वर्गात शिकविणाऱ्या प्राध्यापकाकडे एकट्याकडे न ठेवता या मंडळाकडे देण्यात आली. मानसशास्त्रज्ञ एल. एल. थर्स्टन हे त्याचे पहिले मुख्य परीक्षक होते. शिकविणारा आणि पारखणारा वेगळा असला की दोन गोष्टी साधतात. विद्यार्थी प्राध्यापकाची मर्जी सांभाळण्याच्या भानगडीत पडत नाही, आणि प्राध्यापक विद्यार्थ्याचा न्यायाधीश न राहता त्याचा साथीदार होतो. ज्यांनी हिशेब लिहिले त्यांनीच ते तपासू नयेत, हे तत्त्व व्यापारात सर्वमान्य आहे. शिकागोने तेच तत्त्व शिक्षणात आणले.

परीक्षेचे स्वरूपही बदलले. वर्गात झालेल्या मजकुराची उजळणी करून घेण्याऐवजी पूर्वी न पाहिलेला उतारा, न पाहिलेला प्रयोग वा वाद समोर ठेवावा आणि शिकलेल्या रीतीने त्याचा अर्थ लावावयास सांगावा, असा तेथील परीक्षकांचा आग्रह होता. १९५१ साली हचिन्स यांनी शिकागो सोडले आणि त्या दशकात ही व्यवस्था पुष्कळ शिथिल झाली. अशी परीक्षा खर्चिक असते, तिला वेळ लागतो आणि प्राध्यापकांनाही आपल्या विद्यार्थ्याचे गुण आपल्या हाती असावेत असे वाटते. तरी त्या परीक्षा मंडळातून जी माणसे आणि जे विचार बाहेर पडले, त्यांचा प्रभाव थेट महाराष्ट्रातील शाळांपर्यंत पोहोचला.

काय टिकते, काय विरते

त्यांपैकी पहिले राल्फ टायलर. शिकागोला परीक्षा मंडळाच्या कामासाठी १९३८ साली येण्यापूर्वी ते ओहायो राज्य विद्यापीठात होते. तेथे प्राणिशास्त्राच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची त्यांनी एक साधी पण मार्मिक तपासणी केली. अभ्यासक्रम संपल्यावर परीक्षा झाली होती. सुमारे सव्वा वर्षाने तशीच परीक्षा पुन्हा घेण्यात आली. प्राण्यांच्या अवयवांची नावे सांगण्याच्या बाबतीत मिळविलेले बहुतेक ज्ञान विरून गेले होते. परंतु शिकलेले तत्त्व नव्या परिस्थितीला लावण्याची क्षमता जवळजवळ तशीच होती, आणि नव्या प्रयोगाच्या नोंदींवरून निष्कर्ष काढण्याची क्षमता तर थोडी वाढलेलीच आढळली.

या निष्कर्षाचा अर्थ गंभीर आहे. बहुतेक परीक्षा पाठांतर मोजतात, आणि सर्वांत लवकर विरते तेही पाठांतरच. धुलाईत जो रंग उतरणार आहे त्यावरूनच कापडाची किंमत ठरवावी आणि सुताचा पोत पाहूच नये, असा हा व्यवहार झाला. टायलर यांनी १९४९ साली आपल्या छोटेखानी ग्रंथात चार प्रश्न मांडले. शिक्षणाचा हेतू कोणता, त्यासाठी कोणते अनुभव द्यावेत, त्यांची रचना कशी करावी, आणि हेतू साधला की नाही हे कसे कळावे? परीक्षा ही चौथ्या प्रश्नाचे उत्तर असते. पहिल्या प्रश्नाशी तिचा सांधा तुटला की ती निरर्थक होते.

बेंजामिन ब्लूम आणि भारत

टायलर यांचे सहकारी बेंजामिन ब्लूम १९४० साली शिकागोच्या परीक्षा मंडळात आले आणि १९४३ पासून १९५९ पर्यंत तेथील विद्यापीठ परीक्षक होते. महाविद्यालयांतील परीक्षकांना एकमेकांशी बोलण्यासाठी समान परिभाषा हवी, या गरजेतून १९४८ साली बोस्टन येथील एका बैठकीत विचार सुरू झाला आणि १९५६ साली शैक्षणिक उद्दिष्टांचे वर्गीकरण प्रसिद्ध झाले. ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण आणि मूल्यमापन या सहा पायऱ्या आज शिक्षणशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला मुखोद्गत असतात. मुळात ही मांडणी महाविद्यालयीन परीक्षकांनी आपल्या प्रश्नपत्रिका तपासून पाहण्यासाठी केली होती, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानी नसते.

१९५७-५८ मध्ये ब्लूम भारतात आले. परीक्षा सुधारणेसाठी त्यांनी शिक्षक आणि परीक्षक यांच्या कार्यशाळा घेतल्या. १९५८ साली केंद्रीय परीक्षा विभाग स्थापन झाला आणि पुढे १९६१ साली निर्माण झालेल्या एनसीईआरटीमध्ये ते काम सामावले गेले. महाराष्ट्रातील ज्या शिक्षकांनी बी. एड. करताना प्रश्नपत्रिकेचा ‘संविधान तक्ता’ आखला असेल, त्यांना ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य असे रकाने आणि त्यांना दिलेला भार आठवेल. त्या रकान्यांचा उगम या चळवळीत आहे.

दुर्दैवाने रकाना आला, तरी त्यामागील हेतू सर्वत्र आला नाही. उपयोजनाच्या नावाखाली विचारलेला प्रश्न मार्गदर्शक पुस्तकात उत्तरासह छापलेला असेल, तर विद्यार्थ्याच्या दृष्टीने तोही पाठांतराचाच प्रश्न ठरतो. प्रश्न कोणत्या पायरीचा आहे हे केवळ त्याच्या शब्दांवरून ठरत नाही. तो विद्यार्थ्याला नवा आहे की नाही, यावर ते अवलंबून असते.

अमेरिकेतील पुढील वाटचाल

शिकागोनंतर अमेरिकेत या प्रश्नाची तीन प्रमुख उत्तरे शोधली गेली. तिन्हींचे गुणदोष समजून घेणे उपयुक्त आहे.

पहिले उत्तर मिलवॉकी शहरातील अल्व्हर्नो या महिला महाविद्यालयाने दिले. सेंट फ्रान्सिसच्या भगिनी-संघाने स्थापन केलेल्या या लहानशा संस्थेने १९७३ साली श्रेणी आणि गुण यांची प्रचलित पद्धत सोडली. संवाद, विश्लेषण, समस्या सोडविणे, मूल्यविवेकाने निर्णय घेणे, इतरांबरोबर काम करणे, जागतिक दृष्टी, नागरिकत्व आणि कलास्वाद अशा आठ क्षमता ठरविण्यात आल्या. विषय कोणताही असो, विद्यार्थिनीने या क्षमता प्रत्यक्ष कामातून दाखवावयाच्या. प्रवेश घेताच तिचे एक भाषण चित्रित केले जाई आणि ते पाहून तिने स्वतःच स्वतःचे परीक्षण करावयाचे असे. पुढे केलेल्या कामाशी त्याची तुलना होई. विशेष म्हणजे शहरातील व्यावसायिक आणि व्यापारी मंडळी स्वयंसेवक या नात्याने परीक्षक म्हणून येत. त्यांना आधी प्रशिक्षण दिले जाई आणि कोणत्या निकषांवर काम पाहावयाचे हे विद्यार्थिनीलाही आधीच ठाऊक असे.

दुसरे उत्तर प्रमाणित चाचणीचे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी ‘कॉलेजिएट लर्निंग असेसमेंट’ ही चाचणी प्रचारात आली. तिच्यात पर्यायांतून बरोबर उत्तर निवडण्याऐवजी विद्यार्थ्याला कागदपत्रांची एक फाइल दिली जाई. तिच्या एका परिचित नमुन्यात एका कंपनीला लहान विमान घ्यावयाचे असते आणि त्याच जातीच्या विमानाला नुकताच अपघात झालेला असतो. बातमी, तपासाचा अहवाल, तक्ते आणि पत्रे वाचून, विमान घ्यावे की नाही याविषयी विद्यार्थ्याने सकारण टिपण लिहावयाचे. रिचर्ड अॅरम आणि जोसिपा रोक्सा या समाजशास्त्रज्ञांनी २४ संस्थांतील २,३०० हून अधिक विद्यार्थ्यांची या चाचणीतील कामगिरी प्रवेशाच्या वेळी आणि दोन वर्षांनंतर तपासली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने अमेरिकेत खळबळ उडाली. सुमारे ४५ टक्के विद्यार्थ्यांच्या बाबतीत दोन वर्षांत सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय अशी प्रगती दिसली नव्हती. यावर टीकाही झाली. चाचणीच्या गुणांवर विद्यार्थ्याचे काहीच अवलंबून नव्हते, तेव्हा त्याने ती मनापासून दिली असे कशावरून, असा आक्षेप घेतला गेला. ‘लक्षणीय’ ठरविण्याच्या सांख्यिकीय कसोटीवरही प्रश्न उपस्थित झाले. आक्षेप रास्त आहेत. तरीही केवळ वर्षे सरल्याने विचारशक्ती वाढते, ही समजूत त्या ग्रंथाने डळमळीत केली.

तिसरे उत्तर अमेरिकेतील महाविद्यालये आणि विद्यापीठे यांच्या एका संघटनेने, एएसी अँड यू या संस्थेने, २००९ साली दिले. प्राध्यापकांच्या गटांनी मिळून लेखन, चिकित्सक विचार, आकडेवारीचे भान, नैतिक विचार अशा क्षमतांसाठी ‘व्हॅल्यू’ या नावाने पंधरा रूब्रिक, म्हणजे निकषांचे तक्ते, तयार केले. पुढे त्यांत आणखी एकाची भर पडली. यासाठी वेगळी परीक्षा घ्यावी लागत नाही. विद्यार्थ्याने वर्गासाठी केलेलेच काम घेऊन ते चार पायऱ्यांच्या तक्त्यावर पाहिले जाते. तत्पूर्वी परीक्षक एकत्र बसून काही नमुने वाचतात आणि दुसरी पायरी म्हणजे काय, चौथी म्हणजे काय, याविषयी आपले मत एकमेकांशी जुळवून घेतात. दोन दुकानांतील गजांची लांबी वेगळी असेल तर मोजमापाला अर्थ राहत नाही. म्हणून आधी गज जुळविले जातात.

एक उदाहरण

हे सर्व प्रत्यक्षात कसे दिसते, यासाठी कापडव्यवसायाला परिचित असे एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. इचलकरंजीतील कापड प्रक्रिया उद्योग आणि पंचगंगेचे प्रदूषण हा विषय जुना आहे. समजा, वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने पर्यावरण हा अभ्यासक्रम घेतला आहे. त्याला ‘जलप्रदूषण म्हणजे काय? त्याची कारणे सांगा’ असे विचारले तर तो दोन पाने लिहील आणि गुण मिळवील. त्याऐवजी त्याच्या हाती पाणी तपासणीचा एक अहवाल, सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या खर्चाचा अंदाज, कामगारांचे एक निवेदन आणि नदीकाठच्या गावाची तक्रार द्यावी, आणि महानगरपालिकेला दोन पानांची शिफारस लिहावयास सांगावे.

एक विद्यार्थी लिहील की कारखाने ताबडतोब बंद करावेत, कारण पाणी हे जीवन आहे. भाषा चांगली आहे, पण त्याने खर्चाचा कागद वाचलेला नाही आणि कामगारांचे निवेदन विचारात घेतलेले नाही. दुसरा विद्यार्थी पाहील की पाण्याचा अहवाल एकाच दिवसाच्या एकाच नमुन्यावर आधारलेला आहे. तो अधिक नमुन्यांची मागणी करील. खर्चाचा बोजा लहान आणि मोठ्या कारखान्यांत कसा विभागावा हे आकड्यांनी मांडील, आणि आपल्या शिफारशीने कोणाचे नुकसान होईल हेही प्रांजळपणे लिहील. त्याचे वाक्य कदाचित अडखळणारे असेल. तरी तक्त्यातील पुरावा, गृहीतके, स्वतःची भूमिका आणि निष्कर्ष या रकान्यांत दुसरा विद्यार्थी वरच्या पायरीवर दिसेल. टक्केवारीच्या एका आकड्यात हा फरक बुडून गेला असता. शिवाय पहिल्या विद्यार्थ्याला नेमके काय शिकवावयास हवे, हेही शिक्षकाला कळले.

महाराष्ट्रातील चित्र

हे उदाहरण सहज घेतलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता प्रकरणात पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याविषयी निर्देश दिले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम आखला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याचे डॉ. एरच भरूचा यांनी लिहिले. सर्व पदवीधरांना समान असा हा भारतातील खऱ्या अर्थाने सर्वसाधारण अभ्यासक्रम होता. त्याच्या आराखड्यात १०० गुणांपैकी २५ गुण क्षेत्रकार्यासाठी राखून ठेवले होते. विद्यार्थ्याने जवळच्या नदीकाठी, माळरानावर वा प्रदूषित स्थळी जाऊन स्वतः पाहावे आणि नोंदी कराव्यात, ही अपेक्षा होती. ज्यांनी ती मनापासून राबविली त्यांच्या विद्यार्थ्यांना त्याचा निश्चित लाभ झाला. मात्र अनेक ठिकाणी क्षेत्रकार्य म्हणजे मागील वर्षाच्या प्रकल्पवहीची नक्कल, असे त्याचे रूप झाले. अभ्यासक्रम उत्तम होता, पारख सैल राहिली.

आता हा प्रश्न अधिक व्यापक झाला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रात २०२३-२४ मध्ये स्वायत्त महाविद्यालयांतून आणि २०२४-२५ मध्ये संलग्न महाविद्यालयांतून पदवीची नवी रचना आली. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या शाखेतील खुला वैकल्पिक विषय, भारतीय ज्ञानप्रणाली, मूल्यशिक्षण, भाषा आणि सहशालेय अभ्यासक्रम घ्यावे लागतात. नॅकच्या मूल्यांकनातही ‘अध्ययन निष्पत्ती’ हा शब्द रूढ झाला आहे. प्रत्येक विषयाच्या निष्पत्ती लिहिल्या जातात, त्यांचे कोष्टक भरले जाते आणि साध्य किती झाले याची टक्केवारी काढली जाते. परंतु ती टक्केवारी जर जुन्याच पाठांतराच्या परीक्षेतील गुणांवरून काढलेली असेल, तर नव्या रकान्यात जुनाच आकडा भरला गेला, एवढेच म्हणावे लागेल. प्राध्यापकांचा यात दोष नाही. मोठमोठे वर्ग, रिक्त पदे आणि कागदपत्रांचा भार यांखाली त्यांची दमछाक होते. अमेरिकेतील प्राध्यापकांचीही हीच तक्रार असते की अहवाल तयार होतात, कपाटात जातात आणि पुढच्या वर्षी वर्गात काहीच बदलत नाही. ताळेबंद केवळ कर खात्यासाठी तयार केला आणि मालकाने तो वाचलाच नाही, तर पुढच्या हंगामात कोणता माल भरावा हे त्याला कसे कळणार?

त्यात २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले. दोन पानांचा निबंध आता क्षणार्धात तयार मिळतो. म्हणजे घरून लिहून आणलेल्या कामावरून विद्यार्थ्याची पारख करणे अधिकच कठीण झाले आहे. यावर उपाय फार जुना आहे. लिहिलेले काम समोर ठेवून विद्यार्थ्याशी दहा मिनिटे बोलावे. हा आकडा कोठून घेतला, याच्या उलट बाजूने काय म्हणता येईल, असे दोन प्रश्न विचारले की काम कोणाचे आहे ते उघड होते. मात्र त्यासाठी ऐकणारी माणसे हवीत, आणि महाविद्यालयांकडे नेमकी तीच अपुरी आहेत.

समाज काय करू शकेल?

येथेच समाजाच्या संस्थांना मोठी संधी आहे. शिष्यवृत्ती देणाऱ्या कोणत्याही विश्वस्त निधीला तीन गोष्टी फारशा खर्चाविना करता येतील.

पहिली गोष्ट अशी की, गुणगौरवासाठी अर्ज मागविताना गुणपत्रिकेबरोबर विद्यार्थ्याने मुख्य विषयाबाहेरचे स्वतः केलेले एक काम मागवावे आणि त्याविषयी त्याला दहा मिनिटे बोलू द्यावे. ६० टक्के मिळविणारी एखादी मुलगी या दहा मिनिटांत ९० टक्केवाल्यापेक्षा सरस ठरेल. तिचेही नाव व्यासपीठावरून पुकारले जावे.

दुसरी गोष्ट म्हणजे शिष्यवृत्तीधारकाचे पहिल्या वर्षीचे एक लेखन जपून ठेवावे आणि तिसऱ्या वर्षीच्या लेखनाशेजारी ठेवून पाहावे. किती गुण पडले यापेक्षा किती अंतर कापले, हे त्यातून दिसेल. इंग्रजी शाळेत शिकलेला शहरी मुलगा आणि खेड्यातून वसतिगृहात आलेला मुलगा यांची तुलना एकमेकांशी न करता प्रत्येकाची स्वतःच्याच कालच्या कामाशी करणे, यातच खरा न्याय आहे.

तिसरी गोष्ट अल्व्हर्नोकडून घेण्याजोगी आहे. समाजातील लेखापाल, वकील, डॉक्टर, उद्योजक आणि अनुभवी व्यापारी यांनी जवळच्या महाविद्यालयाला वर्षातून दोन दिवस द्यावेत आणि विद्यार्थ्यांची कामे पाहावीत, त्यांच्याशी बोलावे. मात्र त्यासाठी आधी प्राध्यापकांसमवेत बसून निकष समजून घ्यावे लागतील. माल पारखण्याची नजर वर्षानुवर्षांच्या सवयीने येते, तशीच माणसाचे काम पारखण्याची नजरही शिकावी लागते. अनुभव आहे म्हणून ती आपोआप येत नाही.

या तिन्ही गोष्टींत एक पथ्य पाळावे लागेल. या पारखीचा उपयोग विद्यार्थ्यांचा क्रम लावण्यासाठी किंवा शिष्यवृत्ती तोडण्यासाठी करू नये. तसे झाले तर विद्यार्थी आपले कच्चे काम लपवील आणि तयार उत्तरे पाठ करून येईल. जे उणे दिसेल ते भरून काढण्यासाठी मार्गदर्शन द्यावे, पुस्तके द्यावीत, पुन्हा संधी द्यावी. पारख शिकण्यासाठी आहे, हा विश्वास विद्यार्थ्याला वाटला तरच तो आपले खरे काम समोर ठेवील.

पन्नास वर्षांपूर्वी ज्या ज्येष्ठांनी हा ट्रस्ट उभा केला, त्यांच्यासमोर मुलांना महाविद्यालयापर्यंत पोहोचविण्याचे आव्हान होते. वसतिगृहाची खोली, फीची रक्कम, पुस्तकांचा संच यांतून त्यांनी ते पेलले. आता समाजातील बहुतेक मुले-मुली महाविद्यालयात पोहोचली आहेत. तेथे गेल्यावर त्यांना नेमके काय प्राप्त होते, हे आस्थेने पाहण्याची जबाबदारी पुढील पन्नास वर्षांच्या कार्यकर्त्यांवर आहे. पुढील गुणगौरव समारंभाच्या अर्जात ‘स्वतः केलेले एक काम’ असा एकच नवा रकाना घातला गेला, तरी या कार्याचा आरंभ होईल.